चांदीचे मोठे दागिने घरी गॅस टॉर्चने झाळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडवी, अंगठी, पैंजणाची कडी झाळायला हात बसला की पुढे कडं किंवा सरी हाती येते, आणि तिथे गाडी अडते. खालचे प्रश्न ५० ग्रॅमच्या वरच्या चांदीबद्दल आहेत: भरीव कडी, तोडे, वाळे, गोठ, गळ्यातली सरी, हासळी, कमरपट्टा. सराफा ओळीत झाळेला ‘टाका’ म्हणतात, भांडी दुरुस्त करणारा ‘डाग’ म्हणतो, आणि नागपूरकडे टाकणखार मागितला तर दुकानदार ‘सुहागा का?’ असं विचारतो. या पानावर झाळ (सांधा जोडायला वितळवायचा मिश्रधातू) आणि टाकणखार (बोरॅक्स, तापताना सांधा काळा पडू नये म्हणून लावायचा) हेच शब्द ठेवले आहेत.

जोडवी दोन मिनिटांत झाळली जातात. टॉर्च तोच, झाळ तीच, मग कड्यालाच काय होतं?

चांदीइतक्या वेगाने उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. तांबंसुद्धा तिच्या मागे. जोडव्यात उष्णतेला पळायला जागाच नसते. सांध्यावर ज्योत धरली तरी सगळं जोडवं एकदम तापतं. कड्यात मात्र सांध्याला दिलेली उष्णता लगेच पलीकडच्या बाजूला जाते आणि तिथून हवेत, विटेत, चिमट्यात निघून जाते.

हिशेब केला तर १०० ग्रॅम चांदी ३० अंशांवरून ७५० अंश सेल्सिअसवर न्यायला साधारण १८ किलोज्यूल उष्णता पुरते. तेवढ्यात ६० मिलीलिटर पाणी, म्हणजे टपरीवरच्या एका कट चहाएवढं, उकळीला येतं. उष्णता फार लागत नाही, ती टिकत नाही, हे खरं दुखणं. फुटक्या माठात पाणी भरायचं असेल तर धार मोठी करावी लागते आणि भोकं बुजवावी लागतात. इथे मोठी धार म्हणजे रुंद ज्योत आणि भोकं बुजवणं म्हणजे विटांचा आडोसा. क्रम एकच: आधी अख्खा दागिना, सांधा सगळ्यात शेवटी. खाली दिलेल्या बऱ्याच बिघाडांचं मूळ हा क्रम उलटा होण्यात आहे.

कोणता टॉर्च घ्यावा?

लायटरच्या गॅसवर भरायचा छोटा टॉर्च २०–२५ ग्रॅमपर्यंत ठीक. कॅनवर बसवायचं ब्यूटेन टॉर्चचं डोकं ४०–५० ग्रॅमचं वाळं आडोशात ठेवून काढतं, पण तिथे त्याची हद्द संपते. त्यापुढे रबरी नळीवर चालणारा एलपीजी हँड टॉर्च हवा, २० ते ३० मिलिमीटर तोंडाचा. तोंडं बदलता येणारा मिळाला तर उत्तम: अख्खा दागिना तापवायला मोठं तोंड, बारीक कडी लावायला लहान.

दोन टॉर्च आणि दोन माणसं असतील तर २०० ग्रॅमची सरीसुद्धा सोपी होते. एकाने खालून आणि मागून रुंद ज्योत फिरवत राहायची, दुसऱ्याने सांधा सांभाळायचा. ऑक्सिजन जोडलेला टॉर्च नवशिक्याने मोठ्या चांदीवर वापरू नये. त्याची ज्योत टोकदार आणि फार गरम असते, त्यामुळे सांधा वितळतो आणि बाकी कडं थंडच राहतं.

स्वयंपाकघरातलं सिलिंडर लावलं तर चालतं का?

नाही. १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच वापरायचं असा नियम आहे. शिवाय त्याचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाचा असतो. त्यावर टॉर्चची ज्योत पिवळी, लुळी येते आणि चांदीवर काजळी धरते. गॅस एजन्सीत बाजारभावाने मिळणारं ५ किलोचं सिलिंडर घ्या आणि त्याला दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लावा. नळी आयएसआय खुणेची हवी. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, आणि हे दर वेळी करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता मोरीत, उंबऱ्याआड, खोलगट जागी साचून राहतो. सिलिंडर उभंच ठेवायचं आणि ज्योतीपासून नळी पुरेल तितकं लांब, पाठीमागे ठेवायचं.

झाळ कोणती आणि किती घ्यायची?

चांदीची झाळ म्हणजे चांदी, तांबं आणि जस्त यांचा मिलाफ. चांदी जास्त तितकी ती उशिरा वितळते. साधारण ७५ टक्के चांदीची हार्ड झाळ ७७० अंशांच्या आसपास वाहते, ७० टक्क्यांची मीडियम ७४०–७५० ला, ६५ टक्क्यांची इझी ७२० च्या आसपास. दुकानागणिक थोडा फरक पडतो, म्हणून नवी पट्टी घेतली की आधी चांदीच्या भंगार तुकड्यावर वाहवून बघा.

मात्रेबाबत बहुतेकांचा हात सैल सुटतो. ८ मिमी जाडीच्या भरीव गोल कड्याच्या सांध्याचं तोंड सुमारे ५० चौरस मिमी भरतं. त्यात झाळेचा थर ०.१५ मिमी धरला तर ७–८ घन मिमी झाळ लागते, म्हणजे ग्रॅमचा दहावा भागसुद्धा नाही. थोडी वाया जाईल असं धरून ०.१ ग्रॅम घ्या. जास्त झाळ सांधा मजबूत करत नाही, बाहेर पसरून कानशीचं काम वाढवते.

खरेदी करताना कॅडमियम नसलेलीच झाळ मागा. ‘केडीएम’ सोन्याच्या झाळेतलं कॅडमियम ते हेच. ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे नेमकं आपण काम करतो त्याच तापमानाला, आणि त्याची वाफ फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करते. बंद खोलीत एकदाच घेतलेली वाफही दवाखान्यात पोचवू शकते.

रेडिओ दुरुस्तीवाल्याची कथलाची झाळ का नको? ती तर लगेच वितळते.

लगेच वितळते आणि दागिना कायमचा बिघडवते. त्या झाळेत कथलासोबत बहुतेक वेळा शिसंही असतं. सांधा मऊ राहतो, हातातलं कडं दोन-चार वेळा आदळलं की सुटतो. पुढे कोणी तोच दागिना चांदीच्या झाळेसाठी लाल केला तर शिसं चांदीत विरघळत जातं आणि पृष्ठभागावर वाळवी लागल्यासारखे खड्डे पडतात.

म्हणून जुना दागिना हाती आला की आधीच्या दुरुस्त्या शोधा. काळपट राखाडी, नखाने किंवा सुईने सहज ओरखडा उठणारा ठिपका दिसला तर ते कथील किंवा शिसं समजा. ते आधी मंद आचेवर मऊ करून पुसून काढा, उरलेलं कानशीने पांढरी चांदी दिसेपर्यंत खरवडा. शिशाचा एक कणही ठेवून दागिना लाल करू नका. ती कानस वेगळी ठेवा, चांदीच्या कामाला पुन्हा वापरू नका.

टाकणखार लावला की फुगतो आणि झाळेचा तुकडा उडून पडतो. काय करावं?

कच्च्या टाकणखारात पाणी बांधलेलं असतं. ते वाफ होऊन निघताना तो पोह्यासारखा फुलतो. दोन उपाय आहेत. पहिला, टाकणखाराची लाही करून घ्या: लोखंडी कढईत मंद आचेवर तो फुलून पांढरा, हलका होईपर्यंत भाजा, कुटून वस्त्रगाळ करा आणि कोरड्या बरणीत ठेवा. दुसरा, दागिना आधी कोमट करून लेप द्या, म्हणजे फुगण्याचं काम झाळ ठेवण्याआधीच उरकतं.

लेप ताकाइतका पातळ हवा, पिठल्यासारखा घट्ट नको. लाहीच्या पुडीत थोडं पाणी घालून पाटीवर किंवा सहाणेवर घोटा आणि लगेच वापरा. राहिलेला लेप रात्रभरात पुन्हा खड्यासारखा जमतो. मोठ्या दागिन्यावर टाकणखार फक्त सांध्याला लावणं पुरत नाही. बाकीची चांदी उघडी राहिली तर पाच मिनिटांच्या आचेत ती काळी पडते. केमिस्टकडची बोरिक पावडर आणि टाकणखार समान घेऊन गरम पाण्यात विरघळवा, कडं पाणी टाकल्यावर चुर्र होण्याइतकं तापवा आणि ब्रशने सगळीकडे हात मारा. वाळलं की पुन्हा. तीन हातांत पांढरा, एकसारखा थर बसतो. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून पेटवायची पद्धतही आहे, पण घरात उघडं स्पिरिट आणि टॉर्च एकत्र नको.

सांधा कसा तयार करायचा?

झाळ फट भरत नाही, ती फटीत ओढली जाते. फट कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिमीच्या आत असेल तरच ओढली जाते. कडं मिटवून उजेडासमोर धरा. सांध्यातून उजेड दिसला तर झाळायला बसू नका.

जाड कड्याची दोन्ही तोंडं कानशीने समोरासमोर जुळवणं किचकट असतं. सोपी युक्ती अशी: कडं मिटवा आणि बारीक करवतीचं पातं सांध्यातूनच आरपार चालवा. पातं दोन्ही बाजूंनी सारखंच खातं, तोंडं आपोआप समांतर होतात. पुन्हा मिटवा, गरज पडली तर पुन्हा चालवा. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. जेवण करून, तेलकट हाताने धरलेला सांधा टाकणखारालाही दाद देत नाही.

तार बांधली तर चांदीवर तारेचा वळ उठतो. न बांधता चालेल?

मोठ्या कड्याला चालणार नाही. मिटवताना कड्यात जो ताण असतो तो लाल होताच निघून जातो आणि सांधा डोळ्यांदेखत उघडतो. तार हवीच, पण ढील देऊन. २० सेंटिमीटर घेराचं चांदीचं कडं ७०० अंशांनी तापलं की सुमारे पावणेतीन मिमी वाढतं. लोखंडी तार त्याहून कमी वाढते, म्हणून ती मऊ झालेल्या चांदीत रुतते. तार गुंडाळताना दोन ठिकाणी तिला इंग्रजी ‘झेड’सारखी मोड द्या. कडं वाढलं की मोड उलगडते, वळ उठत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातली सळ्या बांधायची काळी बाइंडिंग तार चालते, २२–२४ गेजची मिळाली तर बघा. जस्त चढवलेली चकचकीत तार अजिबात नको. जस्त वितळून चांदीला चिकटतं, धूरही वाईट असतो.

दागिना कशावर ठेवायचा?

शहाबादी फरशी, सिमेंटचा ओटा, नदीतला गोटा यांवर कधीच नाही. आतलं पाणी वाफ होऊन फरशीची कपची गोळीसारखी उडते. भट्टीची लाल वीट ओली असेल तर तिचंही तेच, आणि कोरडी असली तरी ती उष्णता पिते. भट्टीत वापरतात ती पांढरी, हलकी, नखाने खरवडणारी इन्सुलेशन वीट घ्या. एक खाली, एक मागे, एक बाजूला, असा कोनाडा करा. परत फेकलेली उष्णता दागिन्यावरच येते आणि गॅसही कमी लागतो.

दागिना विटेला चिकटून ठेवू नका. बाइंडिंग तारेची छोटी तिवई करून त्यावर ठेवा, म्हणजे ज्योत खालूनही फिरते. बाभळीच्या घट्ट कोळशाचा सपाट तुकडा सांध्याखाली सरकवला तर सांध्याभोवतीचा प्राणवायू तो खातो आणि चांदी कमी काळी पडते.

जुन्या सोनारकामातली बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, इथे आजही कामाची आहे. तिच्यात निखारे करून कडं आधी त्यावर तापवून घ्या. अर्ध्याहून जास्त पल्ला निखारा गाठून देतो, टॉर्चला शेवटचे दोनशे-अडीचशे अंशच उरतात.

प्रत्यक्ष झाळण्याचा क्रम सांगा.

उदाहरणादाखल १०० ग्रॅमचं भरीव कडं, एकच सांधा, मीडियम झाळ घेऊ.

सांधा जुळवला, साफ केला. झाळेची पट्टी ठोकून ०.१५ मिमी पातळ केली आणि तिचा सांध्याच्या तोंडाएवढा तुकडा कापला. तो टाकणखारात बुडवून सांध्यातच, दोन तोंडांच्या मध्ये ठेवा आणि तार बांधा. भरीव कड्याला ही पद्धत वरून तुकडे ठेवण्यापेक्षा भरवशाची आहे, कारण झाळ आतूनच सुरू होते. अख्ख्या कड्यावर टाकणखार-बोरिकचा थर द्या. तिवईवर सांधा तुमच्याकडे नाही, वर किंवा बाजूला येईल असं कडं बसवा.

ज्योत मोठी, मऊ, भुरकट निळी ठेवा. सूं-सूं करणारी टोकदार नको. सांध्याच्या बरोबर समोरच्या बाजूपासून सुरुवात करा आणि पूर्ण घेर फिरवत राहा. पहिलं मिनिट टाकणखार पांढरा फुगतो, मग बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तो चिकट, पाकासारखा होतो. या वेळेपर्यंत सांध्यावर ज्योत थांबवायची नाही, फक्त त्यावरून जायचं.

पूर्ण कडं सावलीत मंद लाल दिसू लागलं आणि टाकणखार काचेसारखा पारदर्शक झाला, की आता सांध्याकडे वळा. ज्योतीच्या आतल्या निळ्या शंकूचं टोक सर्वांत गरम असतं. ते सांध्यापासून एक-दीड सेंटिमीटरवर ठेवून सांध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सारखं झुलवा. काही सेकंदांत सांध्याच्या रेघेवर पाऱ्यासारखी चमक धावते. ती पूर्ण घेरात फिरलेली दिसली पाहिजे. न दिसलेल्या बाजूला ज्योत न्या, झाळ तिकडे ओढली जाईल. वाटलं तर झाळेच्या तारेचं टोक चिमट्याने तिथे टेकवा. कडं पुरेसं गरम असेल तर तार टेकताच आत शिरते. तार ज्योतीने वितळवून सांध्यावर थेंब पाडणं म्हणजे झाळणं नव्हे.

चमक फिरली की ज्योत लगेच बाजूला. लाली पूर्ण जाईपर्यंत हात लावू नका. लाल चांदीला चिमट्याने उचललं तर ती तिथेच दबते किंवा सांधा सरकतो.

हे सगळं तीन ते पाच मिनिटांत व्हायला हवं. सहा मिनिटं झाली आणि झाळ हलली नाही तर थांबा. टाकणखाराची ताकद संपलेली असते, आणखी आच दिल्याने फक्त काळं पडतं. थंड करा, आंबवणीत (लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात, कृती खाली आहे) साफ करा, नवा लेप, पुन्हा सुरुवात.

कडं लाल झालं तरी झाळ गोळी होऊन बसते.

झाळेला ज्योत लागली, चांदीला नाही. किंवा सांधा मळका होता, किंवा टाकणखार जळून गेला. गोळी झालेल्या झाळेतलं जस्त उडत जातं आणि तिचा वितळबिंदू वर सरकतो, म्हणून तीच गोळी पुढे आणखी हट्टी होते. ती खरवडून काढा, नवी घ्या.

झाळ एकाच बाजूला पळाली आणि सांधा कोरडा राहिला.

झाळ नेहमी जास्त गरम बाजूकडे धावते. पळाली ती बाजू जास्त तापली होती. पुढच्या वेळी कोरड्या बाजूवर ज्योत जास्त रेंगाळू द्या.

पॉलिश केल्यावर सांध्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात.

झाळ वाहिल्यावरही ज्योत धरून ठेवली. आतलं जस्त बुडबुडे होऊन निघालं. खड्डे कानशीने काढायला गेलात तर खाली आणखी निघतात. तो भाग खरवडून इझी झाळेने पुन्हा भरा आणि या वेळी चमक दिसताच हात मागे घ्या.

जाड कड्याला बारीक कडी लावताना कडीच वितळते.

बारीक कडीला ज्योत दाखवायचीच नाही. झाळेचा कण आधी कड्यावर वाहवून तिथेच बसवा, थंड करा, साफ करा. मग कडं खालून तापवा. बसवलेली झाळ पुन्हा चमकू लागली की चिमट्यात धरलेली, टाकणखार लावलेली कडी वरून टेकवा. कड्याच्या उष्णतेनेच ती दोन-तीन सेकंदांत झाळली जाते. मोठं आणि लहान जोडायचं असेल तिथे सगळीकडे हीच रीत.

दुसरा सांधा झाळताना पहिला सुटतो.

पहिला हार्डने, दुसरा मीडियमने, शेवटचा इझीने, हा उतरता क्रम ठेवा. शिवाय आधीच्या सांध्यावर गेरू पाण्यात कालवून जाडसर लेप द्या आणि पूर्ण वाळू द्या. गेरू लावलेल्या जागी झाळ वाहत नाही. फक्त तो नव्या सांध्यावर ओघळू देऊ नका, नाहीतर तिथेही झाळ धरणार नाही.

पोकळ कडं किंवा लाखेचे तोडे घरी झाळता येतात का?

हा प्रश्न जिवाशी आहे, म्हणून सावकाश वाचा. पूर्ण बंद पोकळ दागिन्यात हवा कोंडलेली असते. धुतलेला असेल तर पाण्याचा थेंबही. तो लाल केला की आतला दाब वाढून दागिना फुटतो आणि गरम चांदी तोंडावर येते. पोकळ दागिन्याला आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने १ मिमीचं छिद्र असल्याशिवाय टॉर्च लावू नका. छिद्र असलं तरी आत आंबवणी शिरलेली असू शकते. आधी गरम पाण्यात उकळून, मग उन्हात दिवसभर ठेवून कोरडा करा.

दागिना पोकळ आहे की भरीव हे वजनावरून ओळखा. चांदीची घनता पाण्याच्या साधारण साडेदहा पट असते. दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवा आणि किती पाणी वर चढलं ते मोजा. १०० ग्रॅमच्या भरीव कड्याने साडेनऊ-दहा मिलीलिटर पाणी चढायला हवं. १५–२० चढलं तर आत पोकळी आहे किंवा लाख भरली आहे. लाख तापली की उकळते, पेटते आणि सांध्यातून बाहेर येऊन झाळ धरू देत नाही. लाखेचे तोडे आणि वाक्या सोनाराकडेच द्या, तो लाख काढून पुन्हा भरून देतो.

आजीच्या वेळची सरी आहे. चांदी किती कसाची ते माहीत नाही.

जुन्या दागिन्यात तांब्याची भर बरीच असू शकते, आणि इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, ९२५ कसाची (हजारात ९२५ भाग चांदी) ८०० अंशांच्या थोडं वर मऊ पडू लागते, पण ८०० कसाची चांदी ७७९ अंशांनाच वितळायला लागते. हार्ड झाळ ७७० ला वाहते. म्हणजे झाळ आणि दागिना यांत दहा अंशांचंही अंतर उरत नाही. अनोळखी जुन्या चांदीला नेहमी इझी झाळ. सराफाकडे कसोटीवर कस तपासून घेणं आणखी चांगलं. चांदीसाठी नाव असलेलं खामगाव जवळ असेल तर तिथे, नाहीतर नागपूरच्या इतवारीत किंवा तालुक्याच्या सराफा ओळीत.

झाळल्यावर कडं काळं आणि काचेसारखं खरबरीत झालं. साफ कसं करायचं?

लाली गेल्यावरही दोन-तीन मिनिटं थांबा, मग पाण्यात घाला. जाड कडं लाल असतानाच पाण्यात टाकलं तर सांधा तडकू शकतो. मग आंबवणी: एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, ६०–७० अंशांवर १५–२० मिनिटं. तुरटीचं उकळतं पाणीही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. चिंचेचा कोळ काळं काढतो, पण काच झालेला टाकणखार काढायला कमी पडतो. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आणि हे भांडं पुन्हा स्वयंपाकात नको.

नंतर रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासा. वापरून निळसर झालेल्या आंबवणीत तांबं उतरलेलं असतं. खायचा सोडा फेस थांबेपर्यंत घालून तिचं आम्ल मारा आणि विहिरीपासून, गुरांच्या पाण्यापासून लांब टाका.

आंबवणीतून काढलं तर कडं गुलाबी!

बाइंडिंग तार न काढता घातलं, किंवा लोखंडी सांडशी बुडवली. आंबवणीतलं तांबं चांदीवर चढलं. लोखंड बाहेर काढा, ताजी आंबवणी करा, हलका पेपर मारा. आत-बाहेर करायला बांबूचा चिमटा वापरा.

पॉलिशनंतर जांभळट राखाडी ढग दिसतात, घासून जात नाहीत.

आत शिरलेल्या प्राणवायूने चांदीतलं तांबं काळं केलं आहे. आंबवणी तिथे पोचत नाही. ४०० च्या पेपरने तो थर उतरवावा लागतो. पुढच्या वेळी बोरिकचा थर नीट द्या आणि वेळ कमी लावा.

उन्हाळ्यात आणि थंडीत वेगळं काय करायचं?

अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ब्यूटेनचा कॅन ठेवू नका. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि बंद पत्र्याखाली ती ओलांडली जाते. माठाजवळच्या सावलीत ठेवा. कूलर, पंखा झाळताना बंद. वाऱ्याची झुळूक ज्योत वाकवते आणि कड्याची एक बाजू थंड ठेवते. पहाटे किंवा सूर्य मावळताना काम करा: उकाडा कमी आणि मुख्य म्हणजे रंग दिसतो. भर उन्हात मंद लाल दिसतच नाही, आणि दिसेल तेव्हा चांदी वितळायला आलेली असते.

थंडीत उलटं होतं. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू होणं थांबवतो. गोंदिया-नागपूरच्या डिसेंबरात, वापरता वापरता कॅन स्वतःच गार पडून ज्योत मरते. कॅन कोमट पाण्याच्या वाटीत उभा ठेवा. ज्योतीने किंवा चुलीजवळ कधीही तापवू नका.

घरात आगीची काय काळजी घ्यायची?

दिवाळीनंतर कापूस पिकवणाऱ्या बहुतेक घरांत एखादी खोली कापसाने भरलेली असते, आणि अंगणात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग. कापसाच्या खोलीत, तिच्या भिंतीला लागून किंवा पऱ्हाटी, कडबा, कुडाजवळ टॉर्च पेटवू नका. कापसात शिरलेली ठिणगी तासन् तास आत धुमसते आणि मध्यरात्री बाहेर येते. मोकळा ओसरीचा कोपरा, वर पत्रा किंवा स्लॅब, समोर हवा. हाताशी पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

नायलॉनची साडी, ओढणी, पॉलिस्टरचा शर्ट नको. सुती कपडे, बांधलेले केस, डोळ्यांवर चष्मा. भाजलं तर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद लावू नका. भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर १०८ ला फोन.

सांधा पक्का झाला की नाही हे कसं कळावं? आणि कडं पुन्हा गोल करताना तो तुटला तर?

सांध्यावर भिंग धरून झाळेची रेघ पूर्ण घेरात सलग आहे का बघा. मग कडं लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटा: पक्क्या कड्याचा आवाज खणखणीत, कच्च्याचा बद्द येतो. गोल करताना लाकडी किंवा शिंगाची मोगरी वापरा आणि घाव सांध्याच्या दोन्ही बाजूंना घाला, सांध्यावर नाही. कडं ताठ वाटलं तर सावलीत जेमतेम लाल दिसेल इतकं, म्हणजे साधारण ६०० अंशांपर्यंत तापवून निवू द्या, मऊ होतं. तरीही तुटलं तर तुटलेलं तोंड बघा. राखाडी, खडबडीत असेल तर तिथे झाळ पोचलीच नव्हती. पांढरं, दाणेदार असेल तर झाळ पोचली होती पण थंड होताना हलली. पहिल्यात सांधा आणि आच सुधारा, दुसऱ्यात तारेची बांधणी.